तिळाएवढी पावलं

ओमानमध्ये निम्मं आयुष्य काढून आलेली बाई म्हटली की लोक आधी सोन्याचं विचारतात, मग उन्हाचं. नोकरी काय करत होतीस, हे विचारायची वेळ येते तेव्हा मी म्हणते, “जपानी चहादाण्या कोरत होते.” समोरचा माणूस थोडा हसतो आणि विषय बदलतो. दिवाळी अंकाच्या संपादकबाई मात्र हसल्या नाहीत. “लिहाच,” म्हणाल्या. म्हणून लिहिते आहे. हा लेख वाचून कुणी मला वेडी ठरवलं, तर त्यातला वाटा त्यांच्याकडेही जाईल.

मी मूळची चिपळूणची. मुंबईत मातीकाम शिकले, लग्न झालं आणि श्रीकांतबरोबर मस्कतला आले. तो रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात होता. वादी अदाईत दोन खोल्यांचं घर, समोर उघडे काळे डोंगर, आणि मी दिवसभर मोकळी. एका प्रदर्शनात फुमिएबाईंची गाठ पडली. त्या टेबलावर चहादाण्या मांडून बसल्या होत्या. मी एक उचलली, उलटी केली आणि बुडाला अंगठा लावून पाहिला. त्या म्हणाल्या, “बुड बघणारी पहिली बाई भेटली.” पुढच्या आठवड्यात मी बरक्याला त्यांच्याकडे कामाला लागले. सकाळी श्रीकांतच्या गाडीतून रुसैलपर्यंत, तिथून टॅक्सीने बरका. वर्षानुवर्षं तोच रस्ता.

फुमिएबाई जपानातल्या एका समुद्राकाठच्या गावातल्या. त्यांचे यजमान सलीम तेलवाहू जहाजावर इंजिनात काम करायचे. त्या गावाच्या बंदरात दोघांची ओळख झाली आणि बाई बरक्याला आल्या त्या कायमच्या. मूलबाळ नव्हतं. खजुराच्या बागेत बैठं घर, मागे पाण्याच्या पंपाची जुनी खोली, तिचीच कार्यशाळा केलेली. समुद्र दोन गल्ल्यांपलीकडे. मी सलीमना सगळ्यांसारखं ‘अर्बाब’ म्हणायची, म्हणजे मालक. ते मला ‘उख्ती’ म्हणायचे, म्हणजे बहीण. आमची बोलण्याची भाषा हिंदी. बाईंशी मी इंग्रजीत बोलायची, पण काम करताना आम्ही फारसं बोलायचो नाही.

आता थोडं कामाविषयी. या चहादाणीला जपानीत क्यूसू म्हणतात. आपल्या किटलीसारखी कडी नसते. तोटीच्या काटकोनात, बाजूला, एक पोकळ मूठ असते. पोट, तोटी, मूठ, झाकण सगळं वेगवेगळं घडवून मग जोडायचं. झाकण आणि तोंड यांच्यामध्ये पाणी आणि बारीक वाळू घालून ती एकमेकांवर घासायची, इतकी की झाकणावरच्या छिद्रावर बोट ठेवलं तर तोटीतून येणारी धार थांबली पाहिजे. बाहेरून चकाकी नाही, लेप नाही. लोहाची तांबडी माती नुसती भाजायची.

कोरायचं ते या सगळ्याच्या मध्ये. माती कोवळ्या खोबऱ्याइतकी घट्ट झाली की हत्यार हातात घ्यायचं. त्याआधी घेतलं तर रेघ लिबलिबीत येते, उशीर झाला तर टवके उडतात. बरक्याच्या हवेत ही वेळ फार कमी मिळते. म्हणून कोरायचं काम अर्धवट राहिलं की भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. हा फ्रिज बंद पडलेला असतो. त्याला वीज लागत नाही, पण दार घट्ट बसतं आणि आतली ओल आतच राहते. कार्यशाळेच्या कोपऱ्यात तसा एक जुना उंच फ्रिज होता. नवीन माणूस पाणी प्यायला म्हणून तो उघडायचा आणि आत फडक्यात बांधलेली गाठोडी बघून दचकायचा.

गिऱ्हाईक एकेक नमुनेदार. एका गृहस्थांना शर्यत जिंकलेल्या आपल्या उंटिणीचं चित्र हवं होतं, तेही पूर्ण, मानेसकट. गोल पोटावर उंट बसवला की मान थेट तोटीत जाते. मी चार कागदांवर काढून दाखवलं. ते म्हणाले, “मग तोटी हलवा.” शेवटी नुसतं तोंड कोरलं. ते इतकं हुबेहूब आलं म्हणे, की त्यांनी आमच्यासमोर त्या चहादाणीचा मुका घेतला. रुवीत राहणाऱ्या एका मुंबईच्या वहिनी चहादाणी परत घेऊन आल्या. “ताई, हिला भूतबाधा झालीय. धुऊन ठेवली तरी आतून वास येतो.” मी हुंगून पाहिलं. त्यांनी तिच्यात आलं घालून दुधाचा चहा उकळवला होता. लेप नसलेली माती जे पोटात जाईल ते पिते आणि विसरत नाही. त्यांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी चहादाणी माझ्याकडेच सोडली, घरी न्यायला काही तयार झाल्या नाहीत.

तेव्हा मी त्यांना हसले होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हत्यार मातीतून फिरतं तेव्हा रेघेच्या एका कडेला मातीची बारीक किनार उभी राहते. उजव्या हाताने काम करणाऱ्याची किनार एका बाजूला, डावखुऱ्याची दुसऱ्या. फुमिएबाई डावखुऱ्या होत्या. त्यांचं आणि माझं काम शेजारी ठेवलं तर गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही, पण ओल्या मातीवर मी झोपेतही सांगितलं असतं, ही रेघ बाईंची, ही माझी.

त्या उन्हाळ्यात बाईंनी एक मोठी चहादाणी घडवली आणि कोरायला घेतली. गिऱ्हाइकाची नव्हती. मी विचारलं, “कुणासाठी?” त्या म्हणाल्या, “बघू, कुठपर्यंत जाते.” एका बाजूला त्यांच्या गावचा किनारा होता, वाकडी पाइनची झाडं, खडक, आणि तिथून निघालेल्या लाटा. लाटा पोटावरून पुढे सरकत मुठीपाशी येऊन थांबल्या होत्या. मुठीच्या पलीकडचा भाग कोरा होता. त्याच संध्याकाळी बाईंना ताप भरला. हृदय आधीपासून कमजोर होतं. त्यांना इस्पितळात ठेवलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

दफन लगेच झालं. मी घरी बायकांमध्ये जाऊन बसले. कुणी रडून गोंधळ करत नव्हतं. कॉफीचे छोटे पेले फिरत होते, मोठ्याने कुराण लावलेलं होतं. अर्बाबांना मी लांबूनच पाहिलं. महिनाभराने त्यांचा फोन आला. “उख्ती, ये. लोकांची कामं राहिलीत. तेवढी पुरी कर, मग खोली बंद करू.”

मी गेले. खोलीत सगळं जागच्या जागी. फ्रिज उघडला तर फक्त एकच गाठोडं होतं. फडकं ओलं होतं. सोडलं आणि मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही, इतकी मी कामाच्या सवयीने बघत होते. लाटा मुठीखालून पलीकडे गेल्या होत्या. मला वाटलं, आपल्या नजरेतून सुटलं असेल. ताप यायच्या आधी बाईंनी एवढं केलं असेल. फडकं ओलं कसं, हे मी अर्बाबांना विचारलं.

“मीच करतो,” ते म्हणाले. “इस्पितळात ती शेवटचं हेच बोलली. फडकं सुकू देऊ नकोस. दुपारच्या नमाजानंतर येतो, पाणी शिंपडतो, दार लावतो. आत बघत नाही.”

मी भांडं परत गुंडाळून ठेवलं आणि लोकांच्या कामाला लागले. आठवड्यातून दोनदा जायची. दुसऱ्या खेपेला फ्रिज उघडला तेव्हा लाटा किनाऱ्याला लागल्या होत्या. हा किनारा जपानचा नव्हता. सपाट वाळू, मागे खजुराची झाडं. तिसऱ्या खेपेला झाडांमागे बैठं घर आलं होतं, त्याला कमानीचं दार. ज्या घराच्या अंगणातून मी नुकतीच चालत आले होते, तेच.

मी रेघांवर भिंग धरलं. किनार डाव्या हाताची होती. आणि ताजी होती. माती जुनी झाली की ती किनार बोथट होते, बोट लावलं की मोडून पडते. ही अजून उभी होती.

बाहेर भर दुपार, पंपाचा आवाज, कावळे. अशा वेळी माणसाला अंधार असता तर बरं वाटलं असतं, निदान भ्यायला कारण मिळालं असतं. मी घाईने भांडं ठेवलं. तेवढ्यात अर्बाब खजूर आणि कॉफी घेऊन आले. त्यांचे डोळे भरलेले होते.

“उख्ती, आज मी बघितलं. राहवलं नाही. तू तिचं काम पुढे नेते आहेस. तुम्हारे हाथ में बरकत है.”

“अर्बाब, मी हात लावलेला नाही.”

“मग कोण?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

त्यांनी आपले हात पुढे केले. इंजिनात आयुष्य गेलेले, जाड बोटांचे, डागाळलेले हात. “हे हात?” ते म्हणाले. मग आम्ही दोघं बराच वेळ फ्रिजकडे बघत उभे राहिलो. खोलीची किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या कमरेला असायची. बागेला पाणी देणारा माणूस कधी त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही.

श्रीकांतला मी घरी सांगितलं. तो चटकन कुठल्या गोष्टीला भुलणारा नाही. म्हणाला, “सलीमसाहेब दुःखात आहेत. माणूस दुःखात काय काय करतो आणि त्याला आठवतही नाही.” मलाही हे पटायला हवं होतं. पण जन्मात हत्यार न धरलेल्या माणसाला दुःखातही तशी रेघ येत नाही, तीही डाव्या हाताने.

पुढच्या खेपेला पावलं दिसली.

पाण्याच्या कडेला, वाळूवर, तिळाएवढे खोलगट ठसे. एकापुढे एक, पाण्यातून निघून झाडांकडे वळलेले. माणूस कुठेच नाही, नुसती पावलं. अर्बाबांनी माझ्याआधीच ती पाहिली होती. इकडे खऱ्या घराचं पुढचं दार सताड उघडं होतं. आतला एसी चालू, सगळी थंड हवा बाहेर अंगणात. मी विचारलं, दार का उघडं? ते नुसते हसले. त्या हसण्याने मला पावलांपेक्षा जास्त भीती वाटली.

“आज इथेच बसू,” मी म्हटलं. “दोघं. बघू तरी.”

फ्रिजसमोर दोन खुर्च्या मांडल्या. दार मी माझ्या हाताने लावलं, त्यापूर्वी पावलं कुठवर आली आहेत ते नीट बघून ठेवलं. शेवटचं पाऊल खजुराच्या पहिल्या झाडापाशी होतं. आम्ही बसलो. अर्बाब माळ ओढत होते. मी पदराने घाम पुसत होते. ओल्या मातीत कोरणी फिरते तेव्हा आवाज जवळजवळ होतच नाही, त्यामुळे कान देऊन उपयोग नव्हता. पण मातीतून रेघ निघते तेव्हा एक वास येतो, पहिल्यांदा उघड्या पडलेल्या ओल्या मातीचा. आमच्या कामातल्या माणसाला तो ओळखू येतो. मध्येच कधीतरी तो वास खोलीत भरला. अर्बाबांची माळ थांबली. त्यांनाही आला होता. बायकोच्या हातांना, कपड्यांना तो वास संसारभर येत असणार.

“फुमिए?” ते हळूच म्हणाले.

मी उठून फ्रिजचं दार उघडलं. फडकं सोडलं. पावलं पहिलं झाड ओलांडून दुसऱ्यापाशी आली होती.

त्यानंतर मी दहा-बारा दिवस गेले नाही. श्रीकांतने जाऊ दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. पण राहिलेली कामं होती, आणि त्याहून जास्त, तो एकटा माणूस डोळ्यांसमोर यायचा. शेवटी श्रीकांतच मला सुट्टीच्या दिवशी सोडायला आला आणि गाडीत बसून राहिला.

अर्बाब अंगणात होते. वाळले होते. शेजारी सांगत होते, ते मित्रांच्या कॉफीच्या बैठकीला जात नाहीत, दारासमोरून हलत नाहीत. कुणी दार लोटलं तर भांडतात. मी आत जाऊन भांडं काढलं. पावलं घराच्या अंगणात पोचली होती. दारापर्यंत थोडीच जागा उरली होती. आणि बुड मऊ पडलं होतं. इतके दिवस ओल्यात राहिल्याने माती खालून सुटायला लागली होती. बोट टेकवलं तर खळगा पडला.

मी बाहेर येऊन त्यांना जे खरं ते सांगितलं. “अर्बाब, अजून पाणी घातलं तर भांडं बसेल. सगळंच जाईल. किनारा, झाडं, पावलं, सगळं चिखल. सुकू द्यायला हवं.”

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते खाली वाळूकडे बघत राहिले.

“मी रोज विचार करतो,” ते म्हणाले. “पाऊल दारात येईल. मी इथेच उभा असेन. आणि समजा, कुणी नसलं तर? मग मी काय करू, उख्ती? आत्ता निदान ती वाटेवर आहे.”

श्रीकांत गाडीतून उतरून जवळ आला होता.

“आणि समजा, असली,” अर्बाब म्हणाले, “तर ते बरोबर नाही. जो गेला तो अल्लाकडे गेला. मी तिला पाणी शिंपडून शिंपडून ओढतो आहे. जहाजावर मी महिनोन् महिने असायचो, तेव्हा तिने कधी असं ओढलं नाही मला.”

ते उठले, खोलीत आले. भांड्यासमोर बसले आणि मला म्हणाले, “तू कोर.”

“काय कोरू?”

“दारापर्यंतची पावलं. मग परत जाणारी. पाण्यापर्यंत.”

“अर्बाब...”

“ती आली होती, असं धरू. मी दारात होतो, भेट झाली. आता जाऊ दे तिला. खलास.”

मी माझं हत्यार घेतलं, छत्रीची काडी घासून केलेलं. माती हातात घेतली तर गार लागली. बंद फ्रिजमधली माती उन्हाळ्याच्या दुपारी इतकी गार असायचं कारण नाही. मी श्वास धरून पहिलं पाऊल टोचलं. काही झालं नाही. मग दुसरं. दारापर्यंत पोचले. तिथे अर्बाबांनी हात वर केला आणि मी थांबले. त्यांचे ओठ हलत होते. दुआ म्हणत होते की तिच्याशी बोलत होते, मला ठाऊक नाही, आणि ते ऐकायचा मला हक्कही नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली. मी भांडं फिरवून धरलं आणि परतीची पावलं काढायला लागले. अंगणातून, झाडांमधून, वाळूवरून. शेवटचं अर्धं पाऊल लाटेत काढलं, पाणी त्यावरून गेल्यासारखं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून तेवढं चांगलं काम झालेलं नाही.

फडकं अर्बाबांनी स्वतः उचललं, पिळलं आणि बाहेर दोरीवर वाळत घातलं. भांडं आम्ही सावलीत, वाळूने भरलेल्या परातीत टेकवून ठेवलं, म्हणजे मऊ बुडाला आधार राहील. सुकताना मातीचा रंग बदलतो. वरून सुरुवात होते, काळपट रंग जाऊन फिका येतो. झाकणाची कड फिकी झाली, मग पाइनची झाडं, मग लाटा. अर्बाब पुढे बसून बघत होते. फिका रंग अंगणापर्यंत उतरला तेव्हा ते उठले, घराकडे गेले आणि पुढचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज मला खोलीत ऐकू आला.

ती चहादाणी भट्टीत फुटेल, अशी माझी खात्री होती. इतके दिवस ओल्यात राहिलेली, बुड सुटलेलं, एकाच भांड्यावर दोन हातांचं काम. भट्टी थंड होईपर्यंत मी नखं खाल्ली. दार उघडलं तर अख्खी. पक्की लाल, बोटाने वाजवली तर खणखणीत.

माती भाजली की आकसते. झाडं, घर, पावलं, सगळंच थोडं लहान होतं. मी पाण्यात वाळू घालून झाकण घासून बसवलं आणि चहादाणी अर्बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मुठीकडून फिरवत पूर्ण पाहिली आणि विचारलं, “परतीची तू काढलीस तेवढीच आहेत ना पावलं?”

“तेवढीच,” मी म्हटलं.

मी मोजली नव्हती. त्यांनीही बोट ठेवून मोजायला सुरुवात केली होती, पण मी त्यांच्या हातातून चहादाणी काढून घेतली, गरम पाण्याने विसळली आणि बाईंच्या डब्यातला हिरवा चहा तिच्यात टाकला. तोटीतून धार छान पडली. आम्ही अंगणात बसून चहा प्यायलो, अर्बाब, श्रीकांत आणि मी. चहाला समुद्राची थोडी खारट चव होती. ती तिघांनाही लागली, हे एकमेकांच्या तोंडाकडे बघून कळत होतं, आणि तिघांनीही पेले शेवटपर्यंत संपवले.